एलिसचे हात

१९७४ साली लॉस एंजेलिसच्या एमजीएम स्टुडिओत घेतलेली एक छोटी चित्रफीत आहे. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत दोघं गाताहेत. एक सत्तेचाळीस वर्षांचा, कपाळावर केस आलेला संगीतकार, टॉम जोबिम. दुसरी जेमतेम पाच फूट उंचीची, आखूड केसांची, अजून तिशीही न गाठलेली गायिका, एलिस रेजिना. गाण्याचं नाव ‘आग्वास द मार्सो’, म्हणजे मार्चचं पाणी. दोघं एकमेकांच्या तोंडातला शब्द झेलतात आणि परत टाकतात. शेवटाकडे येताना एलिसला हसू आवरत नाही. ते हसू तिच्या सुरात मिसळतं आणि तसंच तबकडीवर उतरतं. कुणी ते कापून टाकलं नाही, याबद्दल मी त्या खोलीतल्या प्रत्येक माणसाचा ऋणी आहे.

ही फीत पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला पोर्तुगीज येत नव्हती. पगार, चावी, बटाटा हे शब्द आपण त्याच भाषेकडून घेतले, एवढीच ओळख. तरी गाणं कळलं असं वाटलं. नंतर अर्थ लावून पाहिला तेव्हा लक्षात आलं, की या गाण्यात समजून घ्यावं असं कथानक नाहीच. ती एक यादी आहे. मासेमारीचा गळ, फुटकी काच, हातातला काटा, वाटेत बंद पडलेली गाडी, अंगातला ताप. जोबिमनं ती १९७२ च्या मार्चमध्ये रिओजवळच्या डोंगरांतल्या शेतघरी रचायला घेतली. तिकडे दक्षिण गोलार्धात मार्चचा पाऊस उन्हाळा आवरता घेतो. आपल्याकडे मार्चमध्ये उन्हाळा उंबरठ्यावर असतो आणि पाऊस तीन महिने दूर. म्हणून आपल्याला या गाण्यात शिरताना ऋतू उलटा करून घ्यावा लागतो. एकदा तो केला की चिखलाचा वास येऊ लागतो.

जवळजवळ प्रत्येक वस्तू एकाच छोट्या क्रियापदाला टांगलेली आहे, आपल्या ‘आहे’सारख्या एका अक्षराला. चालही तशीच, मोजक्या स्वरांत फिरणारी. खाली साथीतले सूर एकेक पायरी उतरत जातात आणि वर गाणाऱ्याला फारसं काही करायला मुभा नसते. ज्या गायिकेकडे मोठा आवाज आहे, तिला अशा चालीत कोंडल्यासारखं व्हावं. एलिस मात्र त्या दोन-तीन स्वरांत घर करून राहते. कुठला शब्द ठेक्याच्या किंचित आधी टाकायचा, कुठला रेंगाळू द्यायचा, कुठल्याचं शेवटचं अक्षर गिळायचं, हे ती असं करते की यादीतली प्रत्येक वस्तू वेगळ्या वजनाची होते. काच काचेसारखी टोचते. तापात अंग जड होतं. सुरुवातीला दोघं मोठमोठे तुकडे वाटून घेतात, पुढे तुकडे लहान होत जातात आणि शेवटी एकेका वस्तूवर येतात. खेळ इतका वेगात येतो की हसण्यावाचून गत्यंतर नसतं.

या फितीत तिच्या हातांकडे लक्षच जात नाही. मला त्याचंच नवल वाटतं. कारण त्याआधी नऊ वर्षं सगळ्या ब्राझीलनं तिला पहिल्यांदा पाहिलं ते हातांमुळे.

एलिसचा जन्म १७ मार्च १९४५ चा, पोर्तो अलेग्रेचा. ब्राझीलच्या अगदी दक्षिणेकडच्या, उरुग्वेला लागून असलेल्या राज्याची ती राजधानी. अकरा-बारा वर्षांची असताना ती रेडिओ फारौपिल्यावरच्या ‘क्लुबे दो गुरी’ या मुलांच्या कार्यक्रमात गाऊ लागली. तिची पहिली तबकडी १९६१ ची, ‘व्हिव्हा आ ब्रोतोलांदिया’. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. त्या काळी सेली कांपेलो नावाची तरुणी परदेशी चालींची हलकीफुलकी गाणी गाऊन देशभर गाजत होती आणि कंपन्यांना तशीच दुसरी मुलगी हवी होती. ती तबकडी आज ऐकली तर गळा तयार आहे, पण गाणारी अजून कुणाची तरी जागा भरते आहे.

१९६४ मध्ये ती वडिलांबरोबर रिओला आली. त्याच वर्षी लष्करानं सत्ता घेतली आणि पुढची एकवीस वर्षं ती सोडली नाही. एलिसची जवळजवळ सगळी कारकीर्द त्या राजवटीत गेली, हे तिची गाणी ऐकताना विसरून चालत नाही. रिओत कोपाकबानाच्या एका बोळात लहान लहान क्लब होते. गोंगाटाला वैतागून वरच्या मजल्यांवरचे रहिवासी बाटल्या फेकायचे, म्हणून त्याचं नावच ‘बाटल्यांची गल्ली’ पडलं. तिथे लेनी डेल हा अमेरिकन नर्तक गायकांना रंगमंचावर कसं उभं राहायचं, कसं हलायचं ते शिकवायचा. एलिस त्याच्याकडे हात शिकली.

आणि एप्रिल १९६५ मध्ये टीव्ही एक्सेल्सियर वाहिनीच्या पहिल्या लोकप्रिय संगीत महोत्सवात, नुकतीच विशी गाठलेली ही मुलगी ‘आरास्ताओ’ गायली. शब्द व्हिनिसियस द मोरायसचे, चाल एदू लोबोची. आरास्ताओ म्हणजे आपली रापण. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर ज्यानं कुणी रापण ओढताना पाहिली आहे, त्याला हे गाणं समजावून सांगावं लागणार नाही: दोरावर रांगेनं लागलेली माणसं, मागे टाकलेले पाय, जाळं जड लागलं की बदलणारी आरोळी. गाण्यात येमांजा ही समुद्राची देवीही आहे. एलिस गाता गाता दोन्ही हात खांद्यातून मागे फिरवू लागली, उलट्या दिशेनं पोहावं तसे. गाण्याच्या शेवटाकडे ठेका अचानक निम्म्या लयीवर येतो. त्या ठाय लयीत आवाज पूर्ण उघडतो आणि हात आडवे पसरतात. लोक उभे राहिले. गाणं पहिलं आलं.

त्या हातांची पुढे खूप थट्टा झाली. पोर्तुगीजमध्ये पंख्याच्या पात्याला जो शब्द आहे तो ‘एलिस’च्या उच्चाराला अगदी लागून आहे, मग ‘पंखा रेजिना’ हे नाव पडायला वेळ लागला नाही. आजही जाणकार माणसं बोलताना म्हणतात, की सुरुवातीची एलिस जरा भडक होती, खरी एलिस नंतरची. मला हे पटत नाही. आपल्या मैफिलीत गवयाचा हात जेव्हा हवेत वर जातो तेव्हा तो स्वराला वाट करून देत असतो, हे आपण जाणतो. ‘आरास्ताओ’तले हात तेच करतात. दोर ओढणारा हात ठेक्यावर ओढतो. लय निम्मी होते तेव्हा हातांनाच ती आधी कळते, गळा मागून येतो. हात बांधून हे गाणं गाऊन पाहावं. जाळं किनाऱ्याला लागणार नाही.

त्या यशातून पुढचं काम आलं, टीव्हीवरच्या यजमानपणाचं. टीव्ही रेकॉर्ड वाहिनीनं मे १९६५ मध्ये साओ पाउलोतून ‘ओ फिनो दा बोसा’ हा कार्यक्रम सुरू केला. सूत्रधार दोन: एलिस रेजिना आणि जायर रोद्रिगेस. साथीला झिम्बो त्रिओ. कार्यक्रम नाट्यगृहात प्रेक्षकांसमोर व्हायचा आणि मग दाखवला जायचा. जायर हा हसरा, अंगात वारं भरल्यासारखा माणूस. १९६४ मध्ये त्यानं एक गाणं जवळजवळ बोलत म्हटलं होतं आणि बोलताना तळहात वर-खाली फिरवण्याची एक लकब केली होती, ती देशभर पोरांनी उचलली. रंगमंचावर तो उलटा होऊन हातांवरही चालायचा. म्हणजे या जोडीत हात दोघांचेही बोलके होते. एकीचे पसरलेले, दुसऱ्याचे कधी हवेत तर कधी जमिनीवर.

त्याआधी थोडेच दिवस, एप्रिलमध्ये, साओ पाउलोच्या पारामाउंट नाट्यगृहात या दोघांचा एक कार्यक्रम थेट मुद्रित झाला होता. ‘दोइस ना बोसा’ ही त्याची तबकडी. ब्राझीलमध्ये दहा लाखांवर खपलेली ही पहिली तबकडी असं सांगितलं जातं. तिच्यात सुरुवातीलाच सांबांची एक लांबलचक माळ आहे. एक गाणं दोन ओळींत संपतं न संपतं तोच दुसरं सुरू. कधी तो सुरू करतो आणि ती उचलते, कधी ती सोडते आणि तो पकडतो. मधूनच दोघं एकत्र. मी ही माळ कित्येकदा ऐकली आणि दर वेळी नजर (कानाला नजर असते असं धरलं तर) त्या सांध्यांवर जाते. गाणी सांधणाऱ्या त्या अर्ध्या श्वासात एलिस काय करते? ती पुढच्या गाण्याचा पहिला शब्द जायरच्या शेवटच्या शब्दाच्या अंगावर ठेवत नाही. एक कणभर जागा सोडते. त्याला टाळी मिळू देते.

यजमानपण म्हणतात ते हेच. टीव्हीवरची सूत्रधार बाई दर आठवड्याला दुसऱ्यांची गाणी लोकांपुढे ठेवते, पाहुण्याला पुढे करते, स्वतः अर्धं पाऊल मागे घेते आणि वेळ येताच त्याच्या सुरात सूर मिसळते. ‘फिनो’मध्ये सिरो मोंतेरो, आदोनिरान बार्बोझा यांच्यासारखे मुरलेले सांबाकार आले आणि ज्यांचं नाव कुणी ऐकलं नव्हतं अशी पोरंही आली. झिल्बेर्तो झिल हा बाइयाहून आलेला तरुण त्यांतलाच. १९६६ मध्येच एलिसनं मिल्तोन नासिमेंतोचं ‘कांसाओ दो साल’ तबकडीवर आणलं, तेव्हा त्याला मीनास राज्याबाहेर फारसं कुणी ओळखत नव्हतं. पुढची पंधरा वर्षं हे चालूच राहिलं. इव्हान लिन्स, झोआओ बोस्को आणि आल्दिर ब्लांक ही जोडी, फाग्नेर, बेल्शियोर, रेनातो तेइशेइरा. ब्राझीलच्या सत्तरच्या दशकातल्या गीतकार-संगीतकारांची यादी काढली, तर त्यातल्या कितीतरी जणांच्या दारावरची पहिली मोठी थाप एलिसच्या आवाजाची आहे. टीव्हीचा कार्यक्रम दोन वर्षांत संपला. तिच्यातली सूत्रधार शेवटपर्यंत संपली नाही, असं मला तिच्या तबकड्या क्रमानं ऐकताना वाटत राहतं.

कार्यक्रम संपला कसा, हेही सांगायला हवं, कारण तिथे ती चुकली. ऑगस्ट १९६५ पासून त्याच वाहिनीवर रविवारी दुपारी ‘जोव्हेम ग्वार्दा’ सुरू झाला. रोबेर्तो कार्लोस, एरास्मो कार्लोस आणि वांदेर्लेआ, विजेच्या गिटारी, घट्ट पँटी, तरुणांची अफाट गर्दी. ‘फिनो’चे प्रेक्षक तिकडे वळू लागले. १७ जुलै १९६७ ला साओ पाउलोच्या रस्त्यावर एक मोर्चा निघाला. विजेच्या गिटारीविरुद्ध मोर्चा! ब्राझीलचं संगीत परक्या वाद्यापासून वाचवायचं, असा पवित्रा. एलिस पुढे होती. जायर होता, एदू लोबो होता, झिल्बेर्तो झिलही होता. आणि तीनच महिन्यांनी झिलनं टीव्हीवरच्या महोत्सवात ‘ओस मुतांतेस’ या पोरांच्या विजेच्या गिटारीसह गाणं म्हटलं.

या मोर्चामागे स्पर्धेची धास्ती होती, वाहिनीचं राजकारण होतं, अमेरिकेबद्दलचा राग होता आणि त्या रागाला लष्करी राजवटीत कारणही होतं. हे सगळं खरं. तरी वाद्याला दोषी धरणं ही चूकच. पण माझ्या लेखी महत्त्वाचं ते पुढचं. १९७० मध्ये एलिसनं रोबेर्तो आणि एरास्मोचंच गाणं घेतलं, सांतोसच्या रस्त्यावरच्या वळणांचं, भरधाव गाडी हाकणाऱ्या प्रेमभंग झालेल्या तरुणाचं. ज्यांच्याविरुद्ध मोर्चा काढला त्यांचं गाणं ती सोलच्या बाजात, घसा खरवडत गायली. तिनं कुठे माफीनामा लिहून दिला नाही. गाणं गायली. त्याच वर्षी ग्लोबो वाहिनीवर इव्हान लिन्सबरोबर ‘सोम लिव्हरे एस्पोर्तासाओ’चं सूत्रसंचालन तिनं सुरू केलं आणि तिथे जुन्या-नव्याचा, गिटारीचा आणि बिनगिटारीचा भेद उरला नव्हता.

आणि हात? ते हळूहळू खाली येत होते. १९७२ च्या तबकडीत ‘आत्रास दा पोर्ता’ आहे, शब्द शिको बुआर्केचे, चाल फ्रांसिस इमेची. सोडून जाणाऱ्या पुरुषाला दाराशी बिलगून राहिलेली बाई. शिकोचे शब्द अर्धेच लिहून झाले होते. एलिसनं तो अर्धा भागच गायला, ते मुद्रण शिकोला पाठवलं आणि ते ऐकून त्यानं उरलेलं पुरं केलं, असं त्या मुद्रणातली माणसं सांगत आली आहेत. म्हणजे गाणं लिहिणाऱ्याला पुढचं गाणं तिच्या गळ्यानं दिलं. पियानो सेझार कामार्गो मारियानोचा. पुढे तो तिचा नवराही झाला आणि तिच्या संगीताचा कणाही. या मुद्रणात ‘आरास्ताओ’ची ताकद जरासुद्धा कमी झालेली नाही. ती फक्त बाहेर पसरायची थांबली आहे. शेवटच्या भागात आवाज फुटण्याच्या काठावर येतो आणि फुटत नाही. मोठ्या नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेला दिसावं म्हणून जे हात पसरत होते, ते जणू आता आतून दार धरून उभे आहेत.

पुढच्या वर्षी, १९७३ मध्ये, फेर्नांदो फारोच्या टीव्ही कार्यक्रमात ती आली. फारोची पद्धत वेगळी. प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज प्रेक्षकाला ऐकूच येऊ द्यायचा नाही. फक्त उत्तर देणारा माणूस दाखवायचा, तोही इतक्या जवळून की पडदाभर गाल, ओठ, एखादा डोळा. कृष्णधवल. ‘फिनो’च्या कॅमेऱ्याला सगळी एलिस हवी होती. या कॅमेऱ्याला तिची पापणीही पुरते. ती बोलता बोलता थांबते, न ऐकू आलेला प्रश्न तिच्या चेहऱ्यावर उमटतो आणि मग ती गाते. टीव्हीनं तिला आधी मोठं व्हायला शिकवलं होतं. लहान व्हायलाही टीव्हीनंच शिकवलं.

मग १९७४ ची तबकडी, ‘एलिस इ टॉम’. फिलिप्स कंपनीकडे तिची दहा वर्षं झाली म्हणून कंपनीनं तिला दिलेली ही भेट. जोबिमला सेझारचा विजेवरचा पियानो रुचत नव्हता, सुरुवातीचे दिवस अवघड गेले. कधीकाळी याच जोबिमनं तिला दक्षिणेकडून आलेली गावठी पोर म्हणून नाकारलं होतं, असा किस्साही सांगितला जातो. त्या सगळ्यानंतरचं ते हसू आहे. आता पुन्हा ‘आग्वास द मार्सो’ ऐकावं. १९७२ मध्ये एलिसनं हे गाणं एकटीनं म्हटलं होतं, तेही फार सुंदर. पण दोघांच्या मुद्रणात ती जे करते ते कुठून आलं? शब्द झेलायचा, कणभर जागा सोडायची, समोरच्याला टाळी मिळू द्यायची, आणि तुकडे लहान होत गेले तरी हात सुटू द्यायचा नाही. हे तिनं जायर रोद्रिगेसबरोबर, सांबांच्या त्या माळेत, टीव्हीच्या रंगमंचावर गिरवलेलं आहे. जोबिमसमोर ती पट्टीची गायिका म्हणून उभी राहते आणि जिंकते ती यजमान म्हणून. हा घरातला थोर पाहुणा, थोडा अवघडलेला, थोडा हट्टी. तिनं त्याला बोलतं केलं. शेवटी तो शीळ घालू लागतो.

यानंतरची एलिस राजकारणाशिवाय ऐकता येत नाही. त्याची मुळं मात्र आधीची आहेत. १९६९ मध्ये युरोपात असताना तिनं आपल्या देशावर राज्य करणाऱ्या लष्करशहांची संभावना गोरिला म्हणून केली होती. आणि १९७२ मध्ये तीच लष्कराच्या क्रीडासोहळ्यात गायली. तिच्यावर दबाव होता असं तिच्या जवळच्या माणसांनी नंतर सांगितलं. त्या वेळी मात्र हेन्फिल या व्यंगचित्रकारानं ‘ओ पास्किम’ या साप्ताहिकात तिला जिवंतपणीच मेलेल्यांच्या स्मशानात पुरलं. ते तिला फार लागलं.

डिसेंबर १९७५ मध्ये साओ पाउलोच्या बांदेइरांतेस नाट्यगृहात ‘फाल्सो ब्रिल्यांते’ हा तिचा रंगमंचीय प्रयोग सुरू झाला आणि वर्षाहून अधिक काळ चालला. सर्कशीच्या वेशात एका कलावंताचं आयुष्य. त्यात हात परत आले, अंगही परत आलं. त्यातलं बेल्शियोरचं ‘कोमो नोसोस पाइस’, म्हणजे ‘आपल्या आईबापांसारखे’, हे १९७६ च्या तबकडीचं पहिलंच गाणं. एका पिढीनं एवढी बंडखोरी केली आणि शेवटी आपण आईबापांसारखेच जगतो आहोत, हे त्यातलं दुखणं. एलिस ते जवळ बसून बोलावं तसं सुरू करते. शब्द इतके भराभर येतात की चाल मागे पडते की काय असं वाटतं. मग आवाज चढत जातो, कडा धारदार होतात, आणि शेवटी जे येतं त्याला गाणं म्हणायचं की ओरडणं हे ठरवणं कठीण आहे. मागे गिटार वाजते आहे, विजेची. मोर्चाला नऊ वर्षं झाली होती. आईबापांसारखं होण्याची भीती जिनं गायली, तिनं स्वतः एकदा जुन्याच्या बाजूनं रस्त्यावर उतरून पाहिलं होतं. मला वाटतं म्हणूनच तिच्या तोंडी हे गाणं आरोपासारखं येत नाही. त्यात तीही आहे.

१९७९ मध्ये झोआओ बोस्को आणि आल्दिर ब्लांकचं ‘ओ बेबादो इ आ एकिलिब्रिस्ता’ आलं: दारुडा, आणि दोरीवरून चालणारी ती. बोस्कोनं चाल बांधायला घेतली होती चार्ली चॅप्लिनच्या आठवणीत. १९७७ च्या नाताळात चॅप्लिन गेला होता. ब्लांकनं तिच्यात देश घातला. परागंदा झालेल्यांची वाट पाहणं आहे आणि त्यात हेन्फिलच्या भावाचा, एर्बेर्त द सोउझाचा, उल्लेख आहे. लष्कराच्या कोठडीत १९७५ मध्ये मारल्या गेलेल्या पत्रकार व्लादिमिर एर्झोगच्या पत्नीचं, क्लारिसचं, नाव आहे. ज्यानं तिला स्मशानात पुरलं, त्याच्या भावासाठी एलिस गायली. ऑगस्टमध्ये माफीचा कायदा आला, सप्टेंबरमध्ये तो भाऊ परतला, आणि हे गाणं परतणाऱ्यांचं गाणं झालं. तारेवरची कसरत हा शब्द आपण रोज वापरून गुळगुळीत केला आहे. एलिसच्या गाण्यात ती खरोखर तारेवर चालते: शोकगीत म्हटलं तर एका बाजूला पडेल, मिरवणुकीचं गाणं म्हटलं तर दुसऱ्या. ती दोन्हीकडे झुकते, सावरते. सर्कशीच्या बाजाचं हसतं वाद्यसंयोजन खाली आणि वर तिचा आवाज, जणू हात दोन्हीकडे पसरून. माझ्या कानांना इथे ते हात दिसतात, चित्रफीत नसतानाही.

त्याच वर्षी जुलैत स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो जॅझ महोत्सवात ब्राझीलचाच वादक एर्मेतो पास्कोआल अचानक तिच्या साथीला पियानोवर बसला. ओळखीच्या गाण्यांखाली तो असे सूर टाकत गेला की कुणाच्याही पायाखालची जमीन सरकावी. एलिस सुरावरून ढळत नाही. एका क्षणी तर ती त्यालाच पुढे खेचते.

१९ जानेवारी १९८२ ला ती साओ पाउलोत गेली. वय छत्तीस. कारण मद्य आणि कोकेन. तिचा देह बांदेइरांतेस नाट्यगृहातच ठेवला होता, जिथे ‘फाल्सो ब्रिल्यांते’ चालला होता.

जुलै २०२३ मध्ये फोक्सवागेननं ब्राझीलमधल्या आपल्या सत्तरीनिमित्त एक जाहिरात काढली. एलिसची मुलगी मारिया रीता, स्वतः नामवंत गायिका, नवी गाडी चालवते आहे. शेजारून कंपनीच्याच जुन्या कोंबी गाडीत एलिस येते आणि दोघी ‘कोमो नोसोस पाइस’ म्हणतात. संगणकानं एलिसचा चेहरा घडवला होता. वाद झाला, जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेपर्यंत गेला आणि तिथे मिटला. याच कंपनीनं लष्करी राजवटीला साथ दिल्याबद्दल २०२० मध्ये सरकारी वकिलांशी भरपाईचा करार केलेला आहे. आणि ज्या गाण्यात आईबापांसारखं होण्याचं दुःख आहे, ते इथे आईबापांसारखं होण्याचा आनंद म्हणून वाजतं. पाहताना माझेही डोळे भरले, हे मी लपवत नाही. आई आणि मुलगी आहेत त्या. पण गाडी प्रत्यक्षात दुसरी एक अभिनेत्री चालवत होती. चेहरा एलिसचा, आणि स्टिअरिंगवरचे हात त्या बाईचे. ते फार व्यवस्थित हात आहेत.

तिचे खरे हात आता फारसे पाहायला मिळत नाहीत. टीव्ही रेकॉर्डला साठच्या दशकात एकामागून एक आगी लागल्या आणि ‘ओ फिनो दा बोसा’च्या बहुतेक चित्रफिती गेल्या. ‘आरास्ताओ’चे काही तुकडे आहेत, बाकी छायाचित्रं. उरला तो आवाज, कारण वाहिनीचे ध्वनितंत्रज्ञ झुझा ओमेम द मेलो यांनी त्या कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं जपून ठेवली होती. १९९० च्या दशकात त्यांतून निवडून सीडी निघाल्या. त्या ऐकताना मधेच कुठेतरी, ओळ संपलेली नसते, सूर चढलेला नसतो, गळ्यानं काहीही वेगळं केलेलं नसतं, आणि तरी सगळं नाट्यगृह एकदम टाळ्यांनी उसळतं. पहिल्यांदा मला वाटलं, फीत जोडताना काही गफलत झाली असेल. मग मागे नेऊन पुन्हा ऐकलं.

हात वर गेले असणार.